वाढलेले झाड हलविण्यापूर्वी

रस्ता रुंद व्हावयाचा असतो, नवी विहीर खणावयाची असते किंवा भावाभावांत वाटणी होऊन घराची जागा बदलते. आणि परसातील सात-आठ वर्षांचे लिंबाचे झाड नेमके आड येते. लागत्या झाडावर कुऱ्हाड घालावयास मन धजत नाही. मग चार गडी व दोन टिकाव गोळा करून एका सकाळी ते उकरले जाते आणि नव्या खड्ड्यात उभे केले जाते. पहिले आठ दिवस पाने हिरवी दिसतात. पुढे ती वळतात, करपतात आणि महिन्याभरात घरच्या सरपणात भर पडते. दोष नव्या जागेला दिला जातो. तिचा बिचारीचा त्यात काही अपराध नसतो.

झाडाला पाणी पुरविणारी तंतुमुळे खोडाजवळ फारशी नसतात. ती फांद्यांच्या घेराच्या कडेला व त्याही पलीकडे, जमिनीच्या वरच्या हात-दीड हाताच्या थरात पसरलेली असतात. खोडालगत खणले असता हाती लागतात ती जाड मुळे. ती झाडाला आधार देतात, परंतु पाणी शोषण्याचे काम त्यांच्याकडून जवळजवळ होत नाही. म्हणून झाड हलविण्याच्या कामाला चार-पाच महिने आधी प्रारंभ करावयास हवा. खोडाजवळ नवी तंतुमुळे फुटतील अशी व्यवस्था करणे, हेच त्या कामाचे मर्म होय.

जमिनीपासून एक वीत उंचीवर खोडाची जाडी मोजावी व तिच्या दहापट व्यासाचे वर्तुळ खोडाभोवती आखावे. जानेवारीच्या अखेरीस या वर्तुळाच्या अर्ध्या भागावर वीतभर रुंद व दीड-दोन हात खोल चर खणावा. आड आलेली मुळे धारदार करवतीने साफ कापावीत. कुदळीने ठेचू नयेत. चर माती व चांगले कुजलेले शेणखत यांच्या मिश्रणाने भरून पाणी द्यावे. उरलेला अर्धा भाग सहा आठवड्यांनी घ्यावा. दोन्ही बाजू एकदम तोडल्यास सारी तयारी व्यर्थ जाते. उन्हाळाभर ओल टिकविली म्हणजे कापलेल्या टोकांतून नवी मुळे फुटतात आणि पावसाळ्याचे पहिले चांगले पाऊस झाल्यावर झाड हलविता येते.

हलविण्याच्या दिवशी जमीन वाफशावर असावी. कोरडी काळी माती भेगाळून ढासळते, तर मुरमाड माती हातातच सुटते. दोन्ही ठिकाणी मुळांभोवतीचा मातीचा गोळा, ज्याला माळी हुंडी म्हणतात, गोणपाटाने व सुतळीने घट्ट बांधावा. येथे वजनाचा अंदाज पुष्कळदा चुकतो. आठ सेंटिमीटर जाडीच्या खोडाची हुंडी सुमारे ऐंशी सेंटिमीटर व्यासाची होते आणि तिचे वजन चार ते पाच क्विंटल भरते. खोड पंधरा सेंटिमीटरचे असल्यास हेच वजन दोन-अडीच टनांच्या घरात जाते. तेथे यंत्राशिवाय इलाज नाही. झाड खोडाला दोर बांधून उचलू नये. भार हुंडीवर घ्यावा.

नवा खड्डा हुंडीपेक्षा रुंद, परंतु तितकाच खोल घ्यावा. काळ्या जमिनीत पाणी साचते, तेथे हुंडी जमिनीच्या किंचित वर राहील अशी बसवावी. लिंबूवर्गीय झाडाचा डोळा भरलेला सांधा मातीत गेला की डिंक्या रोगाला वाट मिळते. पूर्वी अर्धा पाला उतरविण्याचा सल्ला दिला जाई. तो आता मागे पडला आहे, कारण नव्या मुळांना लागणारे अन्न पानेच तयार करतात. वाळक्या व दाटी करणाऱ्या फांद्या काढल्या म्हणजे पुरे. पहिल्या वर्षी आलेला बहार मात्र निष्ठुरपणे खुडावा. पाणी भोवतालच्या मातीला नव्हे, हुंडीला मिळते आहे याची खात्री करावी. रासायनिक खताची घाई नको. पाने गळाली तरी झाड मेले असे समजू नये. साल नखाने खरवडून आत हिरवी दिसल्यास पाणी चालू ठेवावे.

मोगरा व जास्वंद एवढ्या सायासाशिवाय रुजतात. शेवगा व पांगारा यांची तर फांदीच लावावी. नारळाच्या कापलेल्या मुळांपैकी बरीच निकामी होतात. नवी मुळे बुंध्यातून येतात. म्हणून तेथे बुंधा व शेंड्याचा कोंब सांभाळणे महत्त्वाचे. डाळिंबाच्या बागेत मर रोग असल्यास तेथील झाड मातीसह मुळीच हलवू नये. रोगही सोबत जातो.

मोठा आंबा किंवा चिंच हलविण्याच्या भरीस शेतकऱ्याने पडू नये, आणि कार्यकर्त्यांनी तसे सुचवूही नये. ही झाडे महाराष्ट्रात १९६४ च्या वृक्षतोड विनियमन अधिनियमाच्या अनुसूचीत आहेत. त्यांना हात लावण्याआधी परवानगी घ्यावी लागते. परंतु आजोबांनी लावलेल्या रायवळ आंब्याची चव जाणार, हे दुःख खरे असते. त्यावर उपाय आहे. झाड पडण्यापूर्वी निरोगी, तीन-चार महिन्यांच्या काड्या निवडून त्यांची पाने देठ ठेवून कापावीत. आठ-दहा दिवसांत डोळे फुगले की काड्या कापून ओल्या फडक्यात गुंडाळाव्यात आणि जून ते ऑगस्टमध्ये, कोयी रुजवून आलेल्या कोवळ्या रोपांवर कलमे बांधावीत. एकदोन कलमे मरतात, म्हणून दहा-बारा तरी बांधावीत; आणि झाड ज्या दिवशी पडावयाचे असेल त्याच्या आधी काड्या उतरवून घ्याव्यात, नंतर नव्हे.