गुहेत जाताना काय न्यावं आणि काय ठेवावं



भारतवारी जवळ आली की अ‍ॅशबर्नच्या मराठी घरांत एकच दृश्य दिसतं. बॅगा उघड्या, मध्ये वजनकाटा आणि "असू दे, लागलं तर?" म्हणत आई आणखी एक डबा कोंबते आहे. (डलसच्या काउंटरवर तोच डबा बाहेर निघतो, ही गोष्ट निराळी.) मागच्या रविवारी मात्र आम्हाला उलटी रीत पाहायला मिळाली. आपल्या वर्गातल्या एका मुलीचे बाबा पाण्याने भरलेल्या गुहांमध्ये बुड्या मारतात. त्यांनी आपलं सामान आणून शाळेच्या टेबलावर मांडलं. निघताना ते प्रत्येक वस्तूबद्दल विचारतात, "ही नसली तर चालेल का?" चालणार असेल तर ती वस्तू गाडीतच राहते.

असं का? तळ्यात किंवा समुद्रात काही बिघडलं तर वर येता येतं. गुहेत डोक्यावर दगड असतो. आलो त्याच वाटेने परत जायचं, दुसरी वाट नाही. तळाशी पिठासारखा बारीक गाळ असतो. पाय जोरात झाडला की तो उठतो आणि हातात दिवा असूनही स्वतःची बोटं दिसत नाहीत. मग दारापासून सोडत आणलेली दोरी चाचपत बाहेर यायचं. त्या दोरीत लोंबणारी नळी किंवा पोटरीला बांधलेला मोठा सुरा अडकला तर काय होईल, ते तुम्हीच ताडा. म्हणून सुरा लहान आणि कमरेच्या पट्ट्यावर. स्नॉर्कल तर नाहीच, छताखाली त्याचा उपयोग काय?

ही शिस्त मुख्यतः उत्तर फ्लोरिडातल्या चुनखडीच्या गुहांमध्ये घडली. तिथे अनेक पाणबुडे दगावले. शेक एक्सली या पाणबुड्याने त्या अपघातांचा अभ्यास करून १९७९ साली एक लहानसं पुस्तक लिहिलं. त्यातला हवेचा नियम तुमच्या गणिताच्या वहीत शोभेल. हवेचे तीन भाग करायचे : एक जाण्यासाठी, एक येण्यासाठी, एक राखीव. टाकीत ३००० पौंडांचा दाब असेल तर काटा २००० वर आला की मागे फिरायचं, समोर कितीही सुंदर दालन असो. राखीव भाग कोणासाठी? सर्वांत दूरच्या टोकाला जोडीदाराची हवा संपली तर तुमच्याकडे दोन भाग उरलेले असतात. एक तुमच्या परतीचा, एक त्याच्या.

पण ती हवा त्याला द्यायची कशी? टेबलावरची सात फुटी नळी आम्हाला फार आवडली ती याचसाठी. पाणबुडा स्वतः याच लांब नळीने श्वास घेतो. जोडीदाराने खूण केली की तोंडातलं काढून त्याला देतो, कारण ते नीट चालतंय याची खात्री त्याच क्षणापर्यंत झालेली असते. स्वतः मग गळ्यात रबराने अडकवलेलं दुसरं तोंडात घेतो. नळी लांब असल्यामुळे अरुंद बोळातून दोघे एकामागे एक निघू शकतात. फ्लोरिडाच्याच बिल होगार्थ मेन यांनी सामानाची अशी काटछाट इतकी मनापासून केली की त्या पद्धतीला त्यांच्या मधल्या नावावरून 'होगार्थियन' म्हणू लागले.

कमी म्हणजे अपुरं नव्हे, हे काकांनी दोनदा सांगितलं. दिवे तीन असतात, कारण एक विझला, दुसराही विझला, तरी बाहेर यायचं आहे. जोडटाक्यांना दोन झडपा असतात. पण प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली, अंधारात हात न चुकता तिथेच जावा अशी. आणि सामानाचे हुक धातूला थेट न अडकवता बारीक दोरीने बांधलेले, म्हणजे अडकले तर कापून सुटता येतं.

इंग्लंडातल्या गुहा आणखी चिंचोळ्या. तिथे पाठीवर टाकी घेऊन शिरताच येईना, म्हणून तिथल्या लोकांनी टाक्या बगलेला लावल्या. याच परंपरेतल्या रिक स्टॅन्टन आणि जॉन व्होलॅन्थन यांना २ जुलै २०१८ रोजी थायलंडच्या थाम लुआंग गुहेत अडकलेली १२ मुलं आणि त्यांचे प्रशिक्षक सापडले. मुलांना पोहून बाहेर काढणं ८ ते १० जुलैला झालं. त्याआधी पंपांनी पाणी उपसणं चालू होतं, आणि त्या कामात आपल्या किर्लोस्कर ब्रदर्सच्या तज्ज्ञांनीही मदत केली. किर्लोस्करवाडीजवळचं आजोळ असलेल्या मुलांनी आजीला फोनवर हे जरूर सांगावं! त्याच मोहिमेत समान कुनान हे थायी नौदलाचे माजी पाणबुडे हवेच्या टाक्या पोचवून परतताना वारले, तेही विसरू नये.

शेवटी मोठ्या वर्गातल्या एका मुलाने विचारलं. त्याला नुकताच खुल्या पाण्यातल्या बुडीचा परवाना मिळाला आहे आणि सुट्टीत घरचे सगळे फ्लोरिडाला निघाले आहेत. "काका, गुहेत थोडंसं आत डोकावलं तर?" काका हसले नाहीत. तिथल्या गुहांच्या तोंडाशी पाण्याखाली यमदूताचं चित्र असलेली पाटी असते, तिथून मागे फिरायचं, म्हणाले. जिनी स्प्रिंग्जच्या 'डेव्हिल्स' झऱ्यांमध्ये तर गुहेचं शिक्षण न घेतलेल्याला दिवा नेण्याचीच परवानगी नाही. हातात दिवा असला की आणखी दहा फूट पाहावंसं वाटतं, मग आणखी दहा. दिवा नसेल तर उजेड संपतो तिथे माणूस आपोआप थांबतो.

मुलाने घरी जाऊन बॅगेतला दिवा काढून ठेवला, असा त्याच्या आईचा निरोप आहे.