रेडिओवर धावणारी बग्गी : जुळवणी आणि निगा

गिरगावातील खोताच्या वाडीत गल्ली इतकी अरुंद आहे, की समोरून सामान घेऊन कोणी आले तर आपण ओसरीच्या पायरीवर चढून वाट द्यावी. गेल्या मे महिन्यात तेथे राहणारा माझा भाचा आपली रेडिओ-नियंत्रित बग्गी काखेत मारून माझ्याकडे आला. वर्षभर पैसे साठवून त्याने ती घेतली होती. “मामा, एक तर ही आपोआप डावीकडे जाते, वळणावर उलटते आणि पाच मिनिटांत मोटार चटका बसेल इतकी तापते,” अशा तीन तक्रारी त्याने मांडल्या. चौथी, सर्वांत गंभीर गोष्ट त्याच्या ध्यानातच आली नव्हती. ती पुढे येईलच.

विद्यार्थी मित्रांनो, खऱ्या गाडीच्या एक-दशांश मापाच्या या बग्गीत तुमच्या पाठ्यपुस्तकातील निम्मे भौतिकशास्त्र भरलेले आहे. एकेका तक्रारीच्या निमित्ताने ते पाहू या.

संदेश कसा पोहोचतो?

रेडिओलहरींनी दूरचे वाहन हाकण्याचा प्रयोग निकोला टेस्ला याने १८९८ साली न्यूयॉर्क येथे एका लहान बोटीवर करून दाखवला. पूर्वीच्या खेळण्यातील गाड्या बहुधा २७ मेगाहर्ट्झ कंप्रतेवर चालत. या लहरींची लांबी सुमारे ११ मीटर, म्हणून हातातील प्रेषकाला लांब दांडी लागे. आणि एकाच कंप्रतेच्या दोन गाड्या जवळ आल्या की घोटाळा होई. आजच्या बग्ग्या २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. तरंगलांबी केवळ साडेबारा सेंटिमीटर, त्यामुळे तीन सेंटिमीटरची तारही पुरते. शिवाय प्रत्येक ग्राही आपल्याच प्रेषकाचे सांकेतिक संदेश ओळखतो.

सुकाणूचे काम सर्व्हो नावाची छोटी मोटार करते. ग्राहीकडून तिला दर सेकंदाला सुमारे ५० स्पंद मिळतात. स्पंद दीड मिलिसेकंद टिकला तर चाके सरळ, एक मिलिसेकंद टिकला तर एका बाजूला, दोन टिकला तर दुसऱ्या बाजूला. सर्व्होच्या आतील बदलता रोधक ‘आता दांडी कोठे आहे’ हे सांगतो आणि फरक संपेपर्यंत मोटार फिरत राहते.

आमच्या बग्गीत सर्व्होची दांडी एक दाता सरकवून बसवली होती. आम्ही प्रेषकावरील सूक्ष्म बदलाचे बटण शून्यावर आणले, सर्व्हो मध्यावर येऊ दिला, मग दांडी काटकोनात बसवून स्क्रू आवळला. दोन्ही चाकांच्या जोडदांड्या मोजून सारख्या केल्या. ओसरीवरील फरशीच्या सांध्यावरून बग्गी हळू सोडली, तेव्हा ती सांधा सोडून हलली नाही. पहिली तक्रार मिटली.

एक नियम लक्षात ठेवा : सुरू करताना आधी प्रेषक, मग गाडी, बंद करताना आधी गाडी, मग प्रेषक.

बग्गी का उलटते?

दोन मीटर त्रिज्येचे वळण घ्या. रबर आणि कोरडी फरशी यांचा घर्षणगुणांक ०.८ धरू. वळण्यासाठी लागणारे केंद्राभिमुख बल घर्षणच पुरवते, म्हणून जास्तीत जास्त वेगाचा वर्ग = ०.८ × ९.८ × २ = १५.७. म्हणजे वेग सेकंदाला सुमारे ४ मीटर, अथवा ताशी १४ किलोमीटर. याहून वेगाने गेल्यास बग्गी बाहेर घसरेल. घसरताना बाहेरचे चाक फरशीच्या उचललेल्या कडेला अडकले, की तेच टेकू बनते आणि बग्गी कलंडते. गुरुत्वमध्य जितका उंच, तितके हे सोपे.

भाच्याने ‘रुबाबदार दिसते’ म्हणून स्प्रिंगा ताणून बग्गी उंच केली होती. आम्ही ती खाली आणली. मग पुढच्या टोकाच्या बरोबर मध्याखाली स्क्रू-ड्रायव्हरचे टोक देऊन ती उचलली. दोन्ही चाके एकदम सुटली पाहिजेत. एक आधी सुटले तर वजन एकीकडे झुकले आहे असे समजून बॅटरी सरकवावी.

धक्काशोषकातील तेलही तपासा. बग्गी वीतभर उंचीवरून सपाट सोडा. ती चेंडूसारखी उसळली तर अवमंदन कमी आहे, अधिक दाट तेल भरा. उसळी न घेता शांत बसली तर ठीक.

मोटार का तापते?

मोटारीचे लहान दंतचक्र २० दात्यांचे, मोठे ८० चे. पुढील चक्रांमुळे आणखी अडीचपट घट. म्हणजे मोटार दहा वेळा फिरली की चाक एकदा फिरते. मोटार मिनिटाला १५,००० फेरे घेत असेल तर चाक १,५००. चाकाचा परीघ २५ सेंटिमीटर, म्हणून वेग ताशी साडेबावीस किलोमीटर.

भाच्याने २५ दात्यांचे चक्र बसवून वेग ताशी २८ केला. पण निसर्ग फुकट काही देत नाही. चाकाला तेवढाच जोर हवा तर मोटारीला १.२५ पट आघूर्ण द्यावे लागते, म्हणून विद्युतधाराही १.२५ पट. गुंडाळीतील उष्णता धारेच्या वर्गाच्या प्रमाणात, म्हणजे १.५६ पट! त्यातून बग्गी धावली चौपाटीच्या भुसभुशीत वाळूत. आम्ही २० दात्यांचे चक्र परत लावले. दात्यांमध्ये वहीच्या कागदाची पट्टी धरून चक्रे भिडवली, स्क्रू आवळले आणि पट्टी काढली. तेवढी फट पुरेशी असते.

चौपाटीवरून आल्यावर कोरड्या ब्रशाने वाळू झाडावी, धारवे पुसून तेलाचा एकच थेंब द्यावा. समुद्राची खारट ओल पोलाद गंजवते.

चौथी गोष्ट

बॅटरी काढली, तर ती उशीसारखी फुगलेली! लिथियम-पॉलिमर बॅटरीचा प्रत्येक घट पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्ट दाखवतो आणि ३ व्होल्टच्या खाली कधीही जाऊ द्यायचा नसतो. भाचा गाडी थांबेपर्यंत पळवी आणि रात्री लाकडी माडीवर बॅटरी चार्जरला लावून झोपे. आत वायू साठला होता. असा घट पेटला तर त्याची आग सहज विझत नाही. आणि वाडीतील घरे म्हणजे लाकडी जिने, लाकडी तुळया, एकाला लागून एक. माझ्या अंगावर काटा आला.

ती बॅटरी आम्ही न टोचता, पुन्हा न भरता, ई-कचरा घेणाऱ्याकडे दिली. नव्या बॅटरीसाठी नियम ठरवले : प्रत्येक घट समान भरणारा चार्जरच वापरावा; ३,००० मिलिअँपिअर-तासांच्या बॅटरीला ३ अँपिअरहून अधिक धारा देऊ नये; बॅटरी फरशीवर, लाकूड-कापडापासून दूर ठेवून भरावी; कोणीतरी समोर बसावे; आणि बरेच दिवस वापरायची नसेल तर घट ३.८ व्होल्टवर ठेवून द्यावा.

आता भाचा एक वही ठेवतो. तारीख, दंतचक्र, किती मिनिटे धावली, शेवटी प्रत्येक घटाचे व्होल्ट. तुमच्या शाळेत अशी एखादी बग्गी असेल तर १० मीटर अंतर आखून वेळ मोजा, वेग काढा आणि वरील पद्धतीने गणिताने येणाऱ्या वेगाशी ताडून पाहा. फरक पडेल. तो का पडला, यावर वर्गात शिक्षकांबरोबर चर्चा करा.