विश्लेषण : डेंग्यू एकदा होऊन गेला, तर दुसऱ्या वेळी धोका अधिक का?

गोवर एकदा झाला की पुन्हा होत नाही, हा घरोघरचा जुना अनुभव. फेरो बेटांवर १७८१ नंतर थेट १८४६ मध्ये गोवराची साथ आली. पहिल्या साथीत आजारी पडलेल्या वृद्धांना ६५ वर्षांनंतरही तो पुन्हा झाला नाही, अशी नोंद डॅनिश डॉक्टर पीटर पानुम यांनी केली. याच हिशेबाने डेंग्यूतून उठलेला माणूस ‘आता सुटलो’ म्हणतो. डेंग्यूत मात्र हा हिशेब चुकतो आणि कधी कधी उलटाही पडतो.

एका नावाचे चार विषाणू

डेंग्यूच्या विषाणूचे चार प्रकार आहेत : डेन-१ ते डेन-४. ज्या प्रकाराची लागण झाली, त्याच्यापासून दीर्घकाळ, बहुधा आयुष्यभर संरक्षण मिळते. उरलेल्या तिघांपासूनचे संरक्षण काही महिन्यांत ओसरते. त्यामुळे एकाच माणसाला डेंग्यू एकापेक्षा अधिक वेळा होऊ शकतो. त्याच एडिस डासामुळे होणाऱ्या चिकनगुनियाचे तसे नाही. तो एकदा झाला की सहसा दीर्घकाळ संरक्षण मिळते.

प्रतिपिंडेच वाट दाखवतात

पहिल्या आजारात शरीर प्रतिपिंडे, म्हणजे अँटिबॉडी तयार करते. नंतर डेंग्यूचाच वेगळा प्रकार शरीरात शिरला, तर ही जुनी प्रतिपिंडे त्याला चिकटतात. पण त्याला निकामी करण्याइतकी ती नेमकी नसतात. अशा अर्धवट पकडलेल्या विषाणूला रक्तातील काही पांढऱ्या पेशी आत ओढून घेतात. एरवी ही त्यांची सफाईची रीत. पण जिवंत विषाणूला त्या पेशींतच वाढायला जागा मिळते. विषाणूंची संख्या वाढते, प्रतिकारयंत्रणा खवळते आणि बारीक रक्तवाहिन्यांतून रक्तातील द्रव बाहेर झिरपू लागतो. खरा धोका या झिरपण्याचा असतो. घरचे लोक प्लेटलेटच्या आकड्याकडे डोळे लावून बसतात, पण रुग्ण दगावतो तो बहुतेकदा रक्तदाब कोसळल्याने.

याचा सर्वात बोलका पुरावा क्युबातून आला. तिथे १९७७ मध्ये डेन-१ ची मोठी साथ आली, पण ती सौम्य होती. चार वर्षांनी, १९८१ मध्ये, डेन-२ आला. सुमारे ३ लाख ४४ हजार रुग्ण, दहा हजारांहून अधिक गंभीर, १५८ मृत्यू; त्यांत १०१ मुले. गंभीर रुग्णांपैकी बहुतेकांना आधी डेन-१ होऊन गेला होता. १९९७ मध्ये सांतियागो दे क्युबा शहरात डेन-२ पुन्हा आला, तेव्हा गंभीर झाले ते प्रौढ. लहान मुले वाचली, कारण त्यांना आधी डेंग्यू झालेलाच नव्हता.

लस बनवणे अवघड का?

लसही प्रतिपिंडेच तयार करते. ती चारही प्रकारांवर सारखी चालली नाही, तर पहिल्या आजाराचीच भूमिका बजावू शकते. फिलिपिन्समध्ये २०१६ पासून आठ लाखांहून अधिक मुलांना डेंगव्हॅक्सिया ही लस दिली गेली. आधी डेंग्यू न झालेल्यांमध्ये तिच्यामुळे गंभीर आजाराची शक्यता वाढते, असे २०१७ च्या अखेरीस उत्पादक कंपनीनेच जाहीर केले आणि मोहीम थांबली. लशींवरचा लोकांचा विश्वास तिथे ढासळला तो वेगळाच. भारतात आयसीएमआर आणि पॅनेशिया बायोटेक यांच्या लशीची तिसऱ्या टप्प्यातील चाचणी ऑगस्ट २०२४ मध्ये सुरू झाली. चार प्रकारांची ही लस एकाच मात्रेची आहे.

‘मला तर पहिल्यांदाच झालाय’

हे ठामपणे सांगणे कठीण. डेंग्यूची लागण झालेल्या बहुसंख्य लोकांना लक्षणे जाणवतच नाहीत किंवा साधा ताप येऊन जातो. एनएस-१ चाचणी डेंग्यू आहे का ते सांगते. तो कितवा किंवा कोणत्या प्रकाराचा, हे नाही. सुरुवातीच्या दिवसांतच आयजीजी प्रतिपिंडे भरपूर आढळली, तर आधी लागण झाली असावी असा अंदाज डॉक्टर बांधतात. अर्थात दुसऱ्या वेळीही बहुतेक रुग्ण बरेच होतात आणि पहिल्या वेळचा आजारही क्वचित गंभीर होतो.

सर्वात जपायचा काळ ताप उतरतानाचा, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसाचा. ताप गेला म्हणून घरचे निर्धास्त होतात आणि नेमके तेव्हाच पोटात तीव्र दुखणे, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त, धाप, कमालीची मरगळ किंवा अस्वस्थता सुरू होऊ शकते. यातले एकही लक्षण दिसले, तर पुढच्या रक्ततपासणीची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. तापावर डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत पॅरासिटामॉल चालते. अ‍ॅस्पिरिन आणि आयब्युप्रोफेन टाळावे, त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. तापातल्या रुग्णाला दिवसाही मच्छरदाणीत ठेवावे : एडिस दिवसा चावतो आणि रुग्णाच्या रक्तातला विषाणू घेऊन घरातल्याच दुसऱ्या कोणाकडे जातो.