एस्टोनियन बायबलचे भाषांतर आणि पाद्री आंतोन तोर हेले

प्रस्तावना
अठराव्या शतकातील एस्टोनियात धर्मोपदेशकांची स्वभाषा बहुधा जर्मन, तर भूदास शेतकऱ्यांची एस्टोनियन होती. धर्मग्रंथ प्रत्येकाला स्वभाषेत वाचता यावा, हा ल्यूथरपंथाचा आग्रह. त्यामुळे भाषांतराचे कार्य मुख्यत्वे परभाषिक पाद्र्यांकडे आले. त्यांत आंतोन तोर हेले (१६८३-१७४८) यांचे स्थान मध्यवर्ती आहे.

पार्श्वभूमी
त्या काळी एस्टोनियनची दोन लिखित रूपे प्रचलित होती : उत्तरेकडील तालिनचे व दक्षिणेकडील तार्तूचे. दक्षिणी रूपातील नवा करार १६८६ मध्येच छापला गेला. उत्तरेकडील काम मात्र लेखनपद्धतीच्या वादात अडकले. जर्मन वळणाचे लेखन चालू ठेवावे की बेंग्ट गॉटफ्रीड फोर्सेलिउस यांनी पुरस्कारलेले सुलभ, उच्चारानुसारी लेखन स्वीकारावे, याविषयी पाद्र्यांत एकमत होईना. पुढे उत्तरेचे महायुद्ध (१७००-१७२१) व १७१० ची प्लेगची साथ यांनी प्रदेश उजाड झाला. उत्तरी रूपातील नवा करार अखेर १७१५ मध्ये प्रसिद्ध झाला.

हेले यांचे कार्य
तालिन येथे जन्मलेले हेले कील विद्यापीठात शिकले आणि १७१३ पासून तालिननजीकच्या युरी येथे पाद्री होते. १७३२ मध्ये हाले येथे प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एस्टोनियन व्याकरणग्रंथात शब्दसंग्रहाबरोबरच लोकांच्या म्हणी, कोडी व संवाद समाविष्ट आहेत. ज्या भाषेला उच्चवर्ग केवळ शेतकऱ्यांची बोली मानीत असे, तिच्या जिवंत वापराकडे त्यांनी भाषेचा आधार म्हणून पाहिले, हे यावरून दिसून येते. त्यांच्या नेतृत्वाखाली काही पाद्र्यांनी सिद्ध केलेले संपूर्ण बायबल १७३९ मध्ये तालिन येथे छापले गेले. त्याच्या सुमारे ६,००० प्रती निघाल्या. लेखनासाठी फोर्सेलिउस यांच्या सुधारणेवर आधारलेली पद्धती स्वीकारण्यात आल्याने तो जुना वादही व्यवहारतः मिटला.

मूल्यमापन
या ग्रंथाचा परिणाम धर्मक्षेत्रापुरता राहिला नाही. शेतकऱ्यांच्या घरांत पोहोचलेल्या या ग्रंथाने उत्तरी रूपाला प्रमाणभाषेचे अधिष्ठान मिळवून दिले. त्याची किंमत दक्षिणी रूपाला मोजावी लागली. नवा करार आधी लाभूनही संपूर्ण बायबलअभावी ते मागे पडले आणि कालांतराने त्याचा लिखित वापर क्षीण झाला. हेले यांचे श्रेय मान्य करतानाच हेही ध्यानात घ्यावे लागते, की भाषांतरकाराने केलेली बोलीची निवड ही भाषिक सत्तेचीही निवड ठरते. एका भाषारूपाला ग्रंथप्रतिष्ठा लाभते, तेव्हा त्याच्या शेजारचे रूप अनेकदा केवळ ‘बोली’ म्हणून उरते.