अडकित्त्यात सापडलेली नीला

अडकित्त्याची दोन पाती जवळ आली की मधली सुपारी दाबली जाते. काही व्यक्तींच्या पोटात एका रक्तवाहिनीची अशीच कोंडी होते. या दुर्मीळ विकारास वैद्यकशास्त्रात ‘नटक्रॅकर सिंड्रोम’ म्हणतात. १९७२ साली द शेपर या बेल्जियन डॉक्टरांनी हे नाव रूढ केले.

डाव्या मूत्रपिंडातील रक्त परत नेणारी नीला महाधमनीसमोरून उजवीकडे जाते. तिच्यावरून आतड्यांना रक्त पुरवणारी धमनी खाली उतरते. या दोन धमन्यांमधील कोन अरुंद असल्यास नीला चेपली जाते आणि मूत्रपिंडातील दाब वाढतो. मग लघवीतून रक्त जाते, डाव्या कुशीत दुखते. मुलांच्या डाव्या वृषणाभोवतीच्या शिरा फुगतात, स्त्रियांना ओटीपोटात वेदना होतात. सडपातळ तरुण-तरुणींत हा विकार अधिक आढळतो.

सुप्याची बाजारपेठ असो वा बारामती-इंदापूरची, लघवी लाल दिसली की प्रथम मुतखड्याचीच शंका येते आणि ती बहुधा रास्तही असते. परंतु सोनोग्राफीत खडा नाही, तपासणीत जंतुसंसर्ग नाही आणि तक्रार मात्र पुनःपुन्हा उद्भवते, तेव्हा शोध थांबवू नये. विवाहयोग्य मुलीचे दुखणे चारचौघांत नको म्हणून झाकून ठेवणे तर सर्वथा अनुचित. डॉप्लर सोनोग्राफी आणि सीटी स्कॅन यांनी नीलेवरील दाब समजतो. मात्र नीला अरुंद दिसली म्हणजे विकार झालाच, असे नव्हे. अनेक निरोगी व्यक्तींतही ती तशी असते.

निदान झाले तरी शस्त्रक्रियेची घाई नसते. वाढत्या वयात वजन वाढले की धमन्यांमधील मेदाची गादी भरते आणि दाब पुष्कळदा आपोआप सैल होतो. म्हणून अठरा वर्षांखालील रुग्णांवर बहुधा देखरेखच ठेवतात. वेदना असह्य झाल्या, रक्तस्राव थांबेना किंवा मूत्रपिंडाच्या कार्यावर परिणाम होऊ लागला, तरच शस्त्रक्रियेचा विचार होतो. तीत नीला मूळ जागेवरून सोडवून महानीलेला थोडी खाली जोडतात. क्वचित संपूर्ण मूत्रपिंडच काढून त्याच रुग्णाच्या ओटीपोटात बसवतात. नीलेत स्टेंट घालण्याचाही पर्याय आहे; परंतु तो जागेवरून सरकण्याचा धोका असतो.

वजन झपाट्याने घटल्यास हा कोन आणखी अरुंद होऊ शकतो. म्हणून असे निदान झालेल्या तरुणाने अठाई किंवा अन्य दीर्घ तपश्चर्येचा संकल्प करण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला अवश्य घ्यावा, आणि वडीलधाऱ्यांनीही आग्रह धरू नये. शरीर हे साधनेचे साधन आहे; त्याची निगा राखणे हाही विवेकच होय.