छातीतली जळजळ : दोष तिखटाचा की वेळेचा?

हिवाळा सुरू झाला, की जळगाव जिल्ह्यात भरीत पार्ट्यांना ऊत येतो. शेतातच कपाशीच्या काड्यांवर भाजलेली वांगी, ठेचलेली हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात, सढळ हाताने सोडलेले तेल आणि जोडीला पुऱ्या किंवा कळण्याची भाकरी. २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या या वांग्याचे कौतुक खानदेशी माणसाला वेगळे सांगायला नको. तिकडे धुळ्यात मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग एकमेकांना छेदतात; तेथील ढाब्यांवर तर्रीदार शेवभाजीला ऋतूचे बंधन नाही. मात्र रात्री अकराला जेवण आटोपून अंथरुणाला पाठ टेकली, की अनेकांच्या छातीत आग पेटते, घशाशी आंबट-कडू पाणी येते. सकाळी कारण विचारले, तर उत्तर ठरलेले असते : 'पित्त झाले होते.'

या 'पित्ता'चा आरोप बहुधा मिरचीवर येतो. तो पूर्णपणे खोटा नाही. पण खरा गुन्हेगार अनेकदा निराळाच असतो.

जठरात दररोज सुमारे दीड ते दोन लिटर पाचकरस तयार होतो आणि त्यात हायड्रोक्लोरिक आम्ल असते. जठराच्या आतील बाजूस श्लेष्माचे संरक्षक अस्तर असल्याने त्याला या आम्लाचा सहसा त्रास होत नाही. अन्ननलिकेला मात्र असे कवच नाही. ही सुमारे २५ सेंटीमीटर लांबीची नळी जठराला जिथे मिळते, तिथे स्नायूंचे एक वर्तुळ असते. घास खाली उतरताना ते उघडते आणि लगेच मिटते. ही झडप सैल पडली किंवा अवेळी उघडली, की आम्ल वर चढते. म्हणजे बहुतेक रुग्णांत आम्ल जास्त तयार होते असे नसून, ते चुकीच्या जागी पोहोचते. यकृतात तयार होणारा पित्तरस हा तर आणखी वेगळा द्रव. 'पित्त' हा शब्द आपल्याकडे आयुर्वेदातून आला. 'माधवनिदान' या ग्रंथात अम्लपित्ताचे स्वतंत्र वर्णन असून वर जाणारे ते 'ऊर्ध्वग' आणि खाली जाणारे ते 'अधोग' असे दोन प्रकार त्यात सांगितले आहेत.

झडप अवेळी का उघडते? पोट तुडुंब भरले, की जठराच्या वरच्या भागावर ताण येतो आणि झडप वारंवार ढिली पडते. तेलकट अन्न जठरातून पुढे सरकायला वेळ लावते, त्यामुळे हा ताण लांबतो. पोटाचा वाढलेला घेर खालून दाब देतो. तंबाखू आणि मद्य झडपेचा जोर कमी करतात. गरोदरपणात संप्रेरकांमुळे आणि वाढत्या गर्भाच्या दाबामुळे हाच त्रास होतो. काहींच्या जठराचा वरचा भाग छातीच्या पडद्यातून वर सरकलेला असतो. त्यास हायटस हर्निया म्हणतात. मिरची आम्ल वर ढकलत नाही. आधीच सोलवटलेल्या अन्ननलिकेला ती झोंबते, एवढेच. उभे किंवा बसलेले असताना गुरुत्वाकर्षण आम्लाला खाली ठेवते, आडवे झाले की ती मदतही संपते. भरीत दुपारी खाणारा आणि तेच रात्री अकराला खाऊन झोपणारा यांच्यात फरक पडतो तो इथे.

म्हणूनच उपायांची सुरुवात ताटापेक्षा घड्याळापासून करावी. रात्रीचे जेवण आणि झोप यांत किमान दोन ते तीन तासांचे अंतर हवे. पलंगाच्या डोक्याकडील पायांखाली विटा ठेवून ती बाजू १५ ते २० सेंटीमीटर उंच करावी. नुसत्या उशा वाढविल्याने मान वाकते आणि पोटावरचा दाब वाढतो, लाभ होत नाही. डाव्या कुशीवर झोपल्यास जठर अन्ननलिकेच्या खाली राहते. वजन थोडे उतरले, तरी फरक जाणवतो. थंड दुधाने तात्पुरते बरे वाटते, पण त्यातील प्रथिने आणि कॅल्शियम पुन्हा आम्लनिर्मितीला चालना देतात. सोड्याच्या पुड्यांत सोडियम भरपूर असते, तेव्हा रक्तदाबाच्या रुग्णांनी त्यांची सवय लावून घेऊ नये. शेवभाजी सोडावीच लागेल काय, हा प्रश्न खानदेशात अटळ आहे. तसे सरसकट पथ्य नाही. ज्याला ज्या पदार्थाने त्रास होतो, त्याने तो टाळावा. वरची तर्री मात्र निम्मी करायला हरकत नसावी.

गोळी केव्हा आणि किती दिवस?

ओमेप्राझोल, पॅन्टोप्राझोल या गोळ्या आम्ल तयार करणाऱ्या पेशींतील 'पंप' बंद पाडतात. हे पंप जेवणाने कार्यान्वित होतात, म्हणून गोळी जेवणापूर्वी अर्धा तास घ्यावी लागते. जेवून, जळजळ सुरू झाल्यावर ती घेणाऱ्याला पुरता गुण येत नाही आणि मग तो औषधालाच दोष देतो. डॉक्टरांच्या सल्ल्याने काही आठवडे घेतलेल्या या गोळ्या सुरक्षित मानल्या जातात. परंतु दुकानातून परस्पर आणून वर्षानुवर्षे घेतल्यास शरीरातील ब-१२ जीवनसत्त्व व मॅग्नेशियम कमी होऊ शकते. एकदम बंद केल्यास आम्ल काही काळ उसळी मारते आणि रुग्णाला वाटते, गोळीवाचून आपले चालणारच नाही. जुन्या पिढीच्या परिचयाच्या रॅनिटिडिनचे दिवसही पालटले. एनडीएमए या घातक घटकाच्या अंशामुळे अमेरिकेच्या औषध प्रशासनाने एप्रिल २०२० मध्ये ते बाजारातून हटविण्यास सांगितले, तर भारताच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतून ते २०२२ मध्ये वगळले गेले.

सर्वांत मोठा धोका मात्र 'पित्त' या शब्दातच दडलेला आहे. हृदयविकाराचा झटकाही छातीच्या मधोमध जळजळ किंवा जडपणा होऊनच सुरू होऊ शकतो. मधुमेही, वृद्ध व स्त्रिया यांच्यात तो अनेकदा नुसत्या 'गॅस'चे सोंग घेतो. दरदरून घाम, धाप, जबड्याकडे वा हाताकडे जाणारी कळ, चालताना वाढणारा त्रास यांपैकी काहीही असल्यास सोडा पिऊन वाट पाहत बसू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी व आधी ईसीजी काढावा. तो चांगला आला तरी शंका असल्यास डॉक्टर तो पुन्हा काढतात.

घास अडकणे, कारण नसताना वजन घटणे, रक्ताची उलटी, डांबरासारखे काळे शौच, रक्तक्षय ही लक्षणे असतील, तर दुर्बिणीची तपासणी टाळू नये. आठवड्यातून दोनदा किंवा अधिक वेळा, महिनोन्‌महिने जळजळ होत असेल, तरीही डॉक्टरांना दाखवावे. सततच्या आम्लाने अन्ननलिकेला व्रण पडतात, ती अरुंद होते आणि काही थोड्या रुग्णांत तिच्या अस्तरात कर्करोगाकडे झुकणारे बदल होतात. एंडोस्कोपीची धास्ती अनेकांना असते. प्रत्यक्षात सहा ते आठ तास उपाशी राहून केली जाणारी ही तपासणी बहुधा पाच-दहा मिनिटांत आटोपते आणि रुग्ण त्याच दिवशी घरी जातो.