परकी समुद्री गोगलगाय: आधी खाणे ओळखावे, मग गाव

एखादी समुद्री गोगलगाय 'परकी' आहे असे म्हणताना दोन विधाने एकाच दमात केली जातात. पहिले, तिची जात अमुक आहे. दुसरे, ती जात इथली नव्हे, माणसाच्या हातून इथे आली. पहिल्याचा पुरावा प्राण्याच्या शरीरात असतो. दुसऱ्याचा पुरावा शरीराबाहेर, म्हणजे बंदरांच्या नोंदींत, जहाजांच्या तळाशी आणि जुन्या संग्रहांतल्या बरण्यांत शोधावा लागतो. मराठीत या विषयावर जे लिहिले जाते त्यात बहुधा पहिले विधान घाईत उरकलेले असते आणि दुसरे गृहीत धरलेले असते.

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यातल्या वाचकाला समुद्र दूरचा वाटतो, पण तो तितका दूर नाही. बदलापूरजवळून वाहणारी उल्हास नदी गोड्या पाण्याची आहे. अंबरनाथच्या शिवमंदिराला लागून जाणारी वालधुनी उल्हासनगरातून पुढे तिलाच मिळते, आणि कल्याणला भरतीचे पाणी भेटते. तिथून नदीची खाडी होते. तिचे एक तोंड वसईकडे आहे आणि ठाण्याजवळ ती ठाणे खाडीशी जोडलेली आहे. ठाणे खाडीच्या मुखाशी मुंबई बंदर आणि १९८९ साली सुरू झालेले न्हावाशेव्याचे बंदर आहे. परक्या सागरी जीवांचा या किनाऱ्यावरचा मुख्य दरवाजा तोच.

दरवाजा मात्र आजचा नाही. 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवर्णनात कल्याणचा बंदर म्हणून उल्लेख आहे. सोपारा आणि चौलही त्यात आहेत. म्हणजे सुमारे दोन हजार वर्षे लाकडी गलबते आपल्या बुडाला चिकटलेले जीव घेऊन या किनाऱ्याला लागत आली. ज्या जातीबद्दल ती मूळची की आणलेली हे ठरवता येत नाही, तिच्यासाठी अमेरिकी शास्त्रज्ञ जेम्स कार्लटन यांनी १९९६ मध्ये 'क्रिप्टोजेनिक' ही वेगळी वर्गवारी मांडली. पश्चिम किनाऱ्यासाठी याहून उपयोगी वर्गवारी नाही. तरीही काही मंडळी जगाच्या दुसऱ्या टोकाला पूर्वी नोंदलेली प्रत्येक जात इथे दिसताच 'आक्रमक' ठरवून मोकळी होतात, आणि काही मंडळी उलट बाजूने इथे दिसणारे सगळेच इथले मानतात. दोन्ही भूमिका आळशी आहेत.

गोगलगायींच्या बाबतीत अडचण आणखी वाढते. बहुतेक समुद्री गोगलगायींच्या अळीला शंख असतो, पण न्यूडिब्रँक गटात रूपांतर होताना तो गळून पडतो. शिंपल्याचे कवच जुन्या बंदराच्या गाळात शतकानुशतके राहू शकते आणि ते काढून तारीख लावता येते. न्यूडिब्रँक मेल्यावर काहीच उरत नाही. त्यामुळे कल्याणच्या किंवा सोपाऱ्याच्या गाळात कितीही खणले तरी 'ही जात तेव्हा इथे होती का' या प्रश्नाला उत्तर मिळत नाही. उरते ती फक्त कागदावरची आणि संग्रहातली साक्ष.

ती साक्ष भारतात तुटपुंजी आहे. वॉल्टर एलियट यांनी पूर्व किनाऱ्यावर जमवलेल्या संग्रहावर आल्डर आणि हॅनकॉक यांनी १८६४ मध्ये लिहिले. केलार्ट यांनी श्रीलंकेत काम केले. मुत्सद्दी असलेले चार्ल्स एलियट यांनी केलार्टची चित्रे आणि ते जुने नमुने १९०६ मध्ये पुन्हा तपासले, आणि पुढे काठेवाडच्या ओखामंडळातून हॉर्नेल यांनी आणलेले नमुनेही पाहिले. त्यानंतर बराच काळ दक्षिणेकडचे आणि कच्छच्या आखातातले काम सोडले तर मोठी पोकळी आहे. महाराष्ट्राच्या किनाऱ्याकडे नीट लक्ष गेले ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीतल्या दीपक आपटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांमुळे, आणि २०१७ पासून 'मरीन लाइफ ऑफ मुंबई' या उपक्रमाने ओहोटीला खडकांवर फिरण्याची गोडी सामान्य माणसाला लावली. यातली शंभर वर्षे चार ओळींत संपतात, हेच त्यांचे खरे वर्णन आहे.

आता मुख्य मुद्दा. परकी गोगलगाय शोधायची तर गोगलगायीकडे आधी पाहू नये, तिच्या खाण्याकडे पाहावे. या प्राण्यांची जीभ फार चोखंदळ असते. काही फक्त स्पंज खातात, काही फक्त हायड्रॉइड, काही फक्त ब्रायोझोआ (सारे एका जागी चिकटून राहणारे प्राणी), आणि त्यांतही ठरावीक. जहाजाच्या तळाशी, बोयांवर, धक्क्याच्या खांबांवर जे दाट आवरण चढते त्यात हायड्रॉइड आणि ब्रायोझोआ भरपूर असतात. गोगलगाय एकटी प्रवास करत नाही, ती आपल्या ताटात बसून येते. अळीच्या रूपाने ती जहाजाच्या संतुलन-टाक्यांतल्या पाण्यातूनही येऊ शकते, पण उतरल्यावर ताट आधीच मांडलेले नसेल तर ती टिकत नाही.

या ताटांपैकी सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ब्यूग्युला नेरिटिना हा ब्रायोझोआ. पाण्याबाहेर काढले तर तपकिरी-जांभळ्या शेवाळाचा ओला झुबका वाटतो आणि बहुतेक जण ते शेवाळ म्हणूनच फेकून देतात. भिंगाखाली मात्र दोन ओळींत रचलेली कोष्ठे दिसतात, आणि त्यांवर काटे नसतात. या कुळातल्या इतर जातींवर पक्ष्याच्या चोचीसारखे जे सूक्ष्म चिमटे असतात तेही इथे नसतात. तांब्याचा अंश सोसण्याची ताकद या जातीत आहे, आणि जहाजाच्या तळाला लावायच्या रंगात मारक द्रव्य म्हणून तांबेच असते. त्यामुळे जिथे बाकीचे जीव झडतात तिथे हा झुबका वाढतो आणि त्याला खाणारे त्याच्यासोबत जगभर फिरतात. कॅलिफोर्नियातून १९६४ मध्ये वर्णिलेली पॉलिसेरा हेजपेथी ही गोगलगाय अशीच ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका आणि भूमध्य समुद्रापर्यंत पोहोचली.

भारतासाठी जवळचे उदाहरण थेकॅसेरा पेनिजेराचे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला मॉन्टेग्यू यांनी इंग्लंडच्या डेव्हन किनाऱ्यावरून तिचे वर्णन केले. पुढे ती अनेक समुद्रांतून नोंदली गेली आणि अलीकडच्या वर्षांत केरळच्या किनाऱ्यावरही सापडली. प्राणी जेमतेम दोन-तीन सेंटिमीटरचा. अंग अर्धपारदर्शक पांढरे, त्यावर नारिंगी ठिपके आणि मध्ये बारीक काळे टिपके. डोक्यावरच्या दोन शृंगांना खालून म्यानासारखे आवरण, आणि पाठीवरच्या कल्ल्यांच्या मागे दोन लांब बोथट उपांगे. हिंद-प्रशांत महासागरातली तिची बहीण थेकॅसेरा पॅसिफिका एकसंध नारिंगी-पिवळी असते आणि तिच्या टोकांना काळा-निळा रंग असतो. दोघींत गल्लत होण्याचे कारण नाही, पण अस्पष्ट छायाचित्रावरून ती होते. खात्री करायची तर प्राणी स्वच्छ समुद्रपाण्याच्या काचपात्रात रात्रभर ठेवावा आणि सकाळी तळाशी पडलेली विष्ठा भिंगाखाली पाहावी. ब्रायोझोआच्या कोष्ठांचे तुकडे दिसले तर खाण्याचा पुरावा हातात येतो. मुंबई आणि न्हावाशेव्याच्या धक्क्यांवरचे ब्यूग्युलाचे झुबके दर मोसमात असे तपासले गेले पाहिजेत. खडकांवर फिरून हे काम होत नाही.

नमुना टिकवण्याची पद्धत जुनी आणि साधी आहे. प्राणी थेट अल्कोहोलात टाकला तर आक्रसून गोळा होतो आणि शृंगे आत ओढली जातात. म्हणून आधी मॅग्नेशियम क्लोराइडच्या सुमारे सात टक्के द्रावणात त्याला सैल होऊ द्यावे. शरीररचनेसाठी एक नमुना फॉर्मलिनमध्ये आणि डीएनएसाठी ऊतीचा तुकडा तीव्र अल्कोहोलात ठेवावा. रंग काही दिवसांतच उडतात, म्हणून ते जिवंतपणीच टिपून घ्यावे लागतात. नंतर दंतपट्टिका, म्हणजे जिभेवरची दातांची फीत, पोटॅशच्या द्रावणाने मोकळी करून काचपट्टीवर पसरायची आणि एका ओळीतले दात मोजायचे. डीएनएचा निकाल आला की हे सारे अनावश्यक ठरते, असा एक समज पसरला आहे. तो चुकीचा आहे. डीएनएची तुलना ज्या नोंदीशी करायची ती नोंद चुकीच्या नावाने भरलेली असेल तर चूक दुप्पट होते. स्वतः ब्यूग्युला नेरिटिनाच एक जात नसून दिसायला सारख्या अनेक जातींचा गट आहे, हे डीएनएनेच दाखवले.

नीट ओळख पटवण्याचा धडा शिंपल्यांनीही दिला आहे. कॅरिबियन भागातला मायटिलॉप्सिस सॅली १९६७ मध्ये विशाखापट्टणमला आढळला आणि १९७०च्या दशकात मुंबईच्या नौदल गोदीत. कवचाच्या चोचीसारख्या टोकाच्या आतल्या बाजूला असलेल्या लहानशा फळीवरून तो इतर शिंपल्यांपासून वेगळा ओळखता येतो, पण कवच उघडून पाहिले तरच. १९९९ मध्ये तोच ऑस्ट्रेलियातल्या डार्विनच्या बोटतळांत शिरला तेव्हा क्लोरीन आणि मोरचूद ओतून तो नष्ट करण्यात आला. मुंबईत तशी कारवाई झाली नाही. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या 'ग्लोबॅलास्ट' कार्यक्रमात मुंबई हे जगातल्या सहा नमुना-बंदरांपैकी एक होते आणि गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने बंदरातल्या जीवांची पाहणी केली. जहाजांच्या संतुलन-पाण्याविषयीचा करार २००४ मध्ये झाला आणि २०१७ मध्ये अमलात आला. हा करार टाकीतल्या पाण्यापुरता आहे. तळाला चिकटलेले ताट त्याच्या कक्षेत येत नाही.

वाहतूक एकतर्फी नाही, हेही सांगितले पाहिजे. केलार्ट यांनी १८५८ मध्ये श्रीलंकेतून वर्णिलेली मेलिबी व्हिरिडिस १९७० मध्ये ग्रीसच्या किनाऱ्यावर सापडली. भूमध्य समुद्रात ती परकी आहे, आपल्याकडे घरची. इथे नोंद पक्की नसेल तर तिथल्या शास्त्रज्ञांनाही ती कुठून आली हे सांगता येत नाही.

मनुष्यबळाची स्थिती मात्र खालावली आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१४ मध्ये प्राणिशास्त्राच्या अभ्यासक्रमातले विच्छेदन बंद केले. प्राण्यांची नासाडी थांबली हे योग्यच झाले. पण त्याबरोबर मेलेल्या गोगलगायीची दंतपट्टिका काढण्याचे हातही तयार होईनासे झाले, आणि ती जागा भ्रमणध्वनीवरच्या छायाचित्रांनी घेतली. उल्हासनगर-बदलापूरच्या एखाद्या विद्यार्थ्याला लोकल पकडून उधाणाच्या दिवशी ओहोटीला किनारा गाठणे अवघड नाही. त्याला छायाचित्रावर नाव सुचवणारे अनेक भेटतात, काचपट्टी तयार करायला शिकवणारा भेटत नाही.

परक्या जातीची नोंद ग्राह्य धरण्यासाठी किमान अट पुढीलप्रमाणे असावी: नमुना भारतीय प्राणी सर्वेक्षण किंवा बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीसारख्या संग्रहात क्रमांकासह जमा केलेला, सोबत जिवंतपणीचे छायाचित्र, दंतपट्टिकेचे चित्र, डीएनएसाठी राखलेली ऊती, आणि ज्यावर तो सापडला त्या खाद्यजीवाचाही तुकडा त्याच बरणीत नव्हे तर वेगळ्या बरणीत. जागा धक्क्याची असेल तर खांबाची खोली आणि क्षारता, खडकाची असेल तर ओहोटीची पातळी. हे नसेल तिथे 'परकी' हा शब्द न वापरता जात 'क्रिप्टोजेनिक' म्हणून नोंदवावी.